उकिरड्याचा हिशेब

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. नगर जिल्ह्यात, प्रवरेच्या पट्ट्यात माझा दुधाचा धंदा आहे. ४२ मोठ्या गायी, सगळ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित, त्यातल्या ३२-३३ दुधात असतात. १८ कालवडी-वासरं आहेत. शेती ६ एकर, बागायत. रोज साडेचारशे लिटर दूध केंद्रावर जातं. खुराकाला सरकी पेंड, पशुखाद्य आणि भरपूर लसूणघास. मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) विकत आणतो. शेण गोठ्यामागे ओढ्याकडेला टाकतो, धुण्याचं पाणी चरीतून खाली जातं.

खालच्या अंगाला शेजाऱ्याची विहीर आहे, अडीचशे फुटांवर. त्याने पाणी तपासून आणलं. नायट्रेट लिटरला ११२ मिलिग्रॅम निघालं. त्याच्याकडे तीन महिन्यांचं नातवंड आहे, पावडरच्या दुधावर. त्याने ग्रामपंचायतीत अर्ज दिला, प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला. मला पंधरा दिवसांत खुलासा मागितलाय.

भाचा हॉलंडला शिकतो. तो फोनवर हसून म्हणाला, "मामा, इथे असतास तर पाच गायी ठेवून बाकीच्या विकाव्या लागल्या असत्या." हे खरं का? आपल्याकडे असा कायदा आहे का? आणि शेण हे प्रदूषण कधीपासून झालं? आजोबांनी जन्मभर शेणखतच घातलं. बँकेने आणखी वीस गायींचं कर्ज मंजूर केलंय, ते उचलू की नको, तेही सांगा.

उत्तर

नमस्कार. खुलाशाचं नंतर पाहू. आधी हे उत्तर खाली ठेवा आणि शेजाऱ्याच्या घरी पिण्याच्या पाण्याचा जार पोचवा. आजच.

आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात नायट्रेटची हद्द लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यात सवलत नाही. जागतिक आरोग्य संघटना ५० म्हणते. ११२ हे त्याच्या दुपटीहून जास्त झालं. मोठ्या माणसाला हे पाणी पिऊन लगेच काही जाणवणार नाही, म्हणूनच कुणी मनावर घेत नाही. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात त्या नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. ओठ, नखं निळसर दिसायला लागतात. तसं काही दिसलं तर थेट दवाखाना, वाट पाहायची नाही. पावडरचं दूध कालवायला त्या विहिरीचा थेंबही नको. आणि घरातली कुणी म्हातारी "उकळून द्या, काही होत नाही" म्हणाली तर तिला सांगा, उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे उलट वाढतं. तुरटी, टीसीएल, मेणबत्तीचा फिल्टर, यातलं काहीही उपयोगाचं नाही. आरओ चालतं.

हा जार म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. तीन महिन्यांचं पोर कुणाच्या बांधातलं हे पाहायची ही वेळ नाही.

आता भाच्याचं. पोरगं आकड्यात बरोबर आहे, अर्थ लावण्यात थोडं चुकलंय.

युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये नायट्रेटचा निर्देश काढला. त्यात हेक्टरी १७० किलो ही हद्द आहे. पण ती गायींवर नाही, जमिनीवर घातल्या जाणाऱ्या शेणमुतातल्या नायट्रोजनवर आहे. एकरात मांडली तर ६९ किलो होते. तुमच्या सहा एकरांत मिळून सव्वाचारशे किलोही भरत नाहीत. एक दुधाळ गाय वर्षाकाठी साधारण ८० किलो नायट्रोजन शेणमुतातून टाकते, म्हणजे पाच गायी. भाच्याने हाच भागाकार केला. पण हॉलंडचा शेतकरी जास्त गायी ठेवतोच. जास्तीचं शेणमूत टँकरने बाहेर पाठवतो, त्याची नोंद ठेवतो आणि नेणाऱ्याला वर पैसे देतो. गायींच्या संख्येला तिथे वेगळा लगाम आहे, २०१८ पासूनच्या फॉस्फेट हक्कांचा, म्हणजे गोठ्यातून किती फॉस्फेट पडू शकतं त्याच्या कोट्याचा.

हॉलंडला बरीच वर्षं १७० च्या वर, २५० पर्यंत जायची खास सवलत होती. ती टप्प्याटप्प्याने काढून घेतली. मधल्या काळात २०१९ च्या मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारची नायट्रोजन परवान्यांची पद्धतच रद्द ठरवली आणि त्या ऑक्टोबरात शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर महामार्गांवर उतरले. मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत शेतकऱ्यांचा नवा पक्ष पहिला आला. ट्रॅक्टरवाल्यांचा राग मला कळतो. कित्येक वर्षं "गोठा वाढवा, कर्ज घ्या" म्हणणाऱ्यांनीच एके दिवशी "गोठा विका" म्हणायचं, याला राग येणारच. तुमच्या हातातल्या वीस गायींच्या कर्जाचा कागद वाचताना मला तेच आठवलं. त्याकडे येतो.

आपल्याकडे हेक्टरी इतके किलो नायट्रोजन असा कायदा नाही. त्यावर खूश होऊ नका, कारण जे आहे ते तुमच्या चरीला पुरेसं आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २४ ओढ्यात, विहिरीत किंवा जमिनीवर जाणूनबुजून घाण जाऊ देण्याला मनाई करतं. "जाणूनबुजून" या शब्दाची ढाल आतापर्यंत तुमच्याकडे होती. अर्जाची प्रत हातात पडल्यावर ती गेली. शिवाय राष्ट्रीय हरित लवादापुढच्या प्रकरणातून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जुलै २०२० मध्ये दूध गोठे आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२१ मध्ये त्या सुधारल्या. शेण आणि धुण्याचं पाणी नाल्या-ओढ्यात सोडायचं नाही, शेणाचं खत, गांडूळखत किंवा गॅस करायचा, पाणी बेताने वापरायचं, राज्य मंडळाचं संमतीपत्र घ्यायचं, असा त्यांचा रोख आहे. तुमच्याएवढ्या गोठ्याने संमतीपत्राचा अर्ज करून मोकळं व्हावं. तुमच्या हातात आज आहे तो फक्त खुलासा मागणारा कागद. मंडळाचे कलम ३३अ खालचे निर्देश आले तर गोष्ट वेगळी. त्यात धंदा बंद करण्यापासून वीज-पाणी तोडण्यापर्यंत सगळं येतं. तो कागद दिसला की वकिलाकडे जा, सदराला पत्र लिहीत बसू नका.

तुमच्या पत्रातला खरा प्रश्न मात्र कायद्याचा नाहीच. "शेण हे प्रदूषण कधीपासून झालं?" हा आहे. तिथे जरा बसू.

आजोबांकडे किती जनावरं होती आणि किती एकर? मला लिहिलं नाहीत, पण त्या पट्ट्यातलं चित्र मला माहीत आहे. दोन बैल, एक-दोन गायी, एखादी म्हैस आणि पंधरा-वीस एकर. जनावरं खायची ती बांधावरचं गवत, कडबा, भुस्सा. सगळं त्याच रानातलं. रानातून आलेलं रानात परत जायचं, आणि तरी कमीच पडायचं. म्हणून उकिरड्याला सोन्याचा भाव होता. तुमच्याकडे सरकी पेंड येते गुजरात-खान्देशातून, मका येतो कुठून तरी, मुरघास दुसऱ्याच्या शेतातून. दूध जातं शहरात. शेण-मूत मात्र सगळं तुमच्या सहा एकरांत आणि ओढ्याकाठी उरतं. डच गोठ्यांतही हेच झालं, फक्त त्यांची पेंड ब्राझीलच्या सोयाबीनची. शेण वाईट झालेलं नाही, ते चुकीच्या गावी साठलंय. चारा ज्या वाटेने येतो त्या वाटेने शेण परत जायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे. आता ते आकड्यांनी.

चौदा लिटर देणारी गाय दिवसाला साधारण १४ किलो सुका चारा-खुराक खाते. त्यात १४ टक्के प्रथिन धरू. म्हणजे जवळजवळ दोन किलो प्रथिन, त्यात ३१० ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन. चौदा लिटर दुधातून बाहेर जातो तो जेमतेम ७० ग्रॅम. उरलेला २४० ग्रॅम मागच्या बाजूने पडतो, निम्मा शेणात, निम्मा मुतात. भाकड काळ धरून वर्षाचे ८० किलो. आयर्लंडचं सरकारही गायीमागे, दुधाप्रमाणे, वर्षाला ८० ते १०६ किलो धरतं, तेव्हा मी काही अंगाशी येईल असं सांगत नाही.

तुमच्या ४२ गायींचे झाले ३,३६० किलो. अठरा कालवडींचे, तीस-तीसने धरले तरी, साडेपाचशे. एकूण ३,९०० किलो. युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या गोणीत वीस किलोच्या वर थोडा नायट्रोजन असतो. तेव्हा तुमच्या गोठ्यामागे दर वर्षी जवळजवळ १९० गोणी युरिया पडतो. सहा एकरांत कुणी १९० गोण्या टाकतोय असं ऐकलं असतंत तर तुम्हीच त्याला वेड्यात काढलं असतंत. शेणाच्या रूपात दिसतो म्हणून नजरेआड होतो.

तुमची जमीन यातलं पचवू किती शकते? संकरित नेपियर गवत उत्तम पिकवलं, पाणी वेळेवर दिलं, तर एकरी सव्वाशे-दीडशे किलो नायट्रोजन उचलतं. सहा एकर सगळं नेपियरखाली घातलं तरी आठशे किलो. पाव-तिसरा हिस्सा अमोनिया होऊन हवेत जाईल. पहाटे बंद गोठ्याचं दार उघडल्यावर डोळ्यांना झोंबतो तोच. बाकीचे दोन हजार किलो तुमच्या बांधाबाहेर जायला हवेत, आणि रस्त्याने जायला हवेत. आज ते जमिनीखालून जातायत.

कसे, तेही सांगतो, कारण शेजाऱ्याचा संशय का रास्त आहे ते त्यातून कळेल. आपल्या भागात वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा पडतात. उकिरड्यातलं शेण ओलावा मिळाला की त्यातला अमोनिया जिवाणूंमुळे नायट्रेट होतो. नायट्रेट मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर चालू पडतं. मृगाचा पहिला जोरदार पाऊस आला की उकिरड्यातून तपकिरी पाणी उतरतं, ओढ्याकडेच्या भेगांतून मुरमात आणि तिथून पाषाणाच्या सांध्यांत. तिथे वाळूसारखी गाळण नाही. सांधा सापडला की पाणी नळातून गेल्यासारखं जातं. त्यात अडीचशे फूट म्हणजे काहीच नाही.

एकदा चरीच्या काठाने चालत जा. चरीलगतचं गवत गडद, जवळजवळ निळसर हिरवं असेल आणि चार हातांवर फिकं होत जाईल. ती हिरवी पट्टी म्हणजे तुमच्या पेंडीचे पैसे. आणि तिथलं गवत, तिथली ज्वारी-मका गायींना कापून घालत असाल तर जपून. फार नायट्रोजनवर वाढलेल्या चाऱ्यात, त्यातून पावसाने ताण दिलेल्या चाऱ्यात, नायट्रेट साठतं. ते जनावरालाही बाळासारखंच बाधतं. जनावर धापा टाकायला लागलं, रक्त चॉकलेटी दिसलं, तर डॉक्टरांना फोनवरच "नायट्रेट असेल" सांगा, म्हणजे ते तयारीने येतील.

आता एक गोष्ट तुमच्या बाजूची. विहिरीतल्या नायट्रेटवर गायीचं नाव लिहिलेलं नसतं. शेजाऱ्याचा ऊस असेल. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची आडसाली उसाची शिफारसच हेक्टरी ४०० किलो नत्राची, म्हणजे नायट्रोजनची, आहे आणि आपले लोक शिफारशीवर थांबतात कुठे? शिवाय त्याच्या घराचा शोषखड्डा असेलच. तेव्हा दोन्ही विहिरींचं पाणी तपासा, तुमचीही. नायट्रेटबरोबर क्लोराइड आणि कोलिफॉर्म जिवाणूही पाहायला सांगा. नायट्रेट चढलेलं आणि क्लोराइड, जिवाणूही चढलेले असतील तर मूत किंवा मैला आहे. नुसतं नायट्रेट चढलेलं असेल तर युरियावर संशय जातो. पण हे शेजाऱ्याच्या तोंडावर आत्ता म्हणू नका. तुमची चर उघडी असताना त्याच्या युरियाचं नाव काढलंत तर गावात कुणी ऐकून घेणार नाही, आणि घेऊही नये.

काम कुठून सुरू करायचं? लोक आधी बायोगॅस सुचवतील. विकणारे तर नक्कीच. बायोगॅस घ्या, गॅस मिळेल, वास कमी होईल. पण गॅस होतो तो कार्बनचा. नायट्रोजन एक किलोही कमी होत नाही, सगळा स्लरीत उतरतो आणि आधीपेक्षा पातळ, चटकन वाहणाऱ्या रूपात. संयंत्र बसवून स्लरी त्याच चरीत सोडणारे गोठे मी पाहिलेत. तसंच जीवामृताचं, त्या शेण-गोमूत्र आंबवलेल्या द्रवाचं. दोनशे लिटर जीवामृताला दहा किलो शेण लागतं, तुमच्याकडे रोज टनाच्या वर पडतं.

मी सुरुवात गव्हाणीपासून करीन, कारण तिथे खर्च नाही, बचत आहे. सरकी पेंड, पशुखाद्य आणि वर भरपूर लसूणघास, हे वाचून मी थांबलो. वरचा हिशेब मी १४ टक्के प्रथिनावर केला. तुमचा खुराक १७ वर गेला असेल अशी मला दाट शंका आहे. हे तीन टक्के जास्तीचे म्हणजे गायीमागे रोज ६७ ग्रॅम नायट्रोजन. जवळजवळ तिच्या सगळ्या दुधात असतो तेवढा! गाय तो वापरू शकत नाही, यकृत त्याचा युरिया करतं आणि मुतातून काढून टाकतं. ३२ गायींचा वर्षाचा आकडा निघतो आठशे किलोच्या आसपास, म्हणजे तुमच्या सहा एकरांची सगळी भूक. ही पेंड तुम्ही रोख पैसे मोजून आणता. दूध संघाकडे समतोल आहाराचा हिशेब करून देणारा माणूस असेल तर त्याला बोलवा, एनडीडीबीचा (राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाचा) तो कार्यक्रम कित्येक संघांतून चालतो. जमलं तर दुधातल्या युरिया-नायट्रोजनची तपासणी करा, ती फॅट-एसएनएफसारखीच दुधाच्या नमुन्यावर होते. डेसिलिटरला १६ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर पेंड वाया चाललीय असं समजा. मग लसूणघास निम्मा करा आणि मक्याचा मुरघास वाढवा. एकदम नको, दोन आठवड्यांत हळूहळू. दूध पडलं तर मागे या.

मग फरशी. आधी खरवडा, मग धुवा. आपल्याकडे पाइप आधी सुरू होतो आणि शेण पाण्याबरोबर चरीत जातं, मग ते ना खत राहतं ना पाणी. फरशीला उतार असा हवा की मूत चटकन नालीत जाईल. मुतातल्या युरियाचा अमोनिया करणारा घटक शेणात असतो. दोघांना जितका वेळ वेगळं ठेवाल तितका अमोनिया कमी. गोठ्याचा वासही कमी.

चर आजच बुजवा. पाणी न झिरपणारा खड्डा करेपर्यंत तात्पुरती टाकी ठेवा. खड्ड्याचं माप ठरवताना एक चूक सगळे करतात, ती तुम्ही करू नका. तुमच्या गोठ्याचं छप्पर तीन हजार चौरस फुटांचं असेल, तर वीस इंच पावसात त्यावरून एक लाख चाळीस हजार लिटर पाणी उतरतं. पन्हळ लावून हे स्वच्छ पाणी वेगळं काढलं नाहीत, तर पावसाळ्यात खड्डा पावसानेच भरेल आणि शेणमूत पुन्हा ओढ्यात जाईल. पन्हळीचा खर्च खड्ड्याच्या मानाने किरकोळ आहे. खड्ड्यातलं पातळ आपल्याच नेपियरला द्या, कापणीनंतर, पाण्याबरोबर, थोडं-थोडं. पाऊस धो-धो चालू असताना किंवा रान रिकामं असताना नाही. म्हणून खड्डा चार महिन्यांचा हवा.

शेणाचा ढीग ओढ्यापासून उचला. वरच्या अंगाला, विहिरींपासून जितका लांब नेता येईल तितका, खाली फरशी किंवा जाड प्लास्टिक आणि वर छप्पर. शेणात उसाचं पाचट मिसळा. तुमच्या भागात लोक ते जाळतात, फुकट मिळेल. पाचटात कार्बन भरपूर, नायट्रोजन नावाला. जिवाणू शेणातला नायट्रोजन धरून ठेवतात आणि तो उडत-वाहत नाही. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी हेच विटांच्या जाळीदार टाक्यात बसवलं. नाडेप हे नाव त्यांच्याच नावावरून आलं. दहा फूट बाय सहा फूट बाय तीन फूट. एवढ्या शेणाला नाडेपच्या टाक्या किती बांधाल? तुम्हाला लांबट ढीग लावून ट्रॅक्टरने उलटणंच परवडेल. पण तत्त्व त्यांचंच.

कुजून तयार खताच्या वर्षाला सत्तरेक ट्रॉल्या निघतील, तीन टनांच्या. आणि इथे तुम्ही हॉलंडच्या शेतकऱ्यापेक्षा नशीबवान आहात. तो शेण न्यायला पैसे देतो, तुमच्याकडे डाळिंबवाले, द्राक्षवाले पैसे देऊन नेतील. अट एकच, कुजलेलं हवं, तणाचं बी आणि हुमणी नको. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, तुमचे वर्षात फिटतील. ज्यांच्याकडून मुरघास घेता त्यांच्याशी सौदाच करा, मका इकडे आणि खत तिकडे. प्रत्येक ट्रॉलीची वहीत नोंद ठेवा: तारीख, वजन, कुणाला, कुठल्या गटात. दुधाची वही ठेवता तशीच. उद्या मंडळाचा माणूस आला तर हीच वही तुमच्या बाजूने बोलेल.

खुलासा लिहिताना दोन टोकं टाळा. "माझा काही संबंध नाही" असं लिहू नका, चर सगळ्या गावाने पाहिलीय. "माझ्या शेणानेच विहीर बिघडली" असंही लिहू नका, ते अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. चर अमुक तारखेला बुजवली, ढीग अमुक तारखेपर्यंत हलवतो, खड्डा अमुक महिन्यात पुरा करतो, संमतीपत्राचा अर्ज केला, दोन्ही विहिरींचं पाणी माझ्या खर्चाने तपासतो. एवढंच, फोटो जोडून आणि मुदतीच्या दोन दिवस आधी. तारखा पाळता येतील अशाच घाला. मुदत चुकलेला आराखडा हा नसलेल्या आराखड्यापेक्षा वाईट दिसतो.

वीस गायींचं कर्ज उचलू नका. निदान यंदा नाही. वीस गायी म्हणजे आणखी सोळाशे किलो, पाऊणशेच्या वर गोण्या, आणि जमीन तीच सहा एकर. बँकेचा माणूस गायीमागे किती लिटर ते विचारतो, शेण कुठे जाणार ते विचारत नाही. त्याच बँकेकडे खड्डा, छप्पर आणि पन्हळीसाठी लहान कर्ज मागा. सत्तर ट्रॉल्या वर्षभर वेळेवर बाहेर जायला लागल्या, वही भरली, की मग गायी वाढवण्याचं बोलू. आजच्या ४२ मधल्याही चार-सहा कमी दुधाच्या, सारख्या रिकाम्या राहणाऱ्या गायी असतील. त्या खातात पूर्ण आणि देतात अर्धं. त्या काढल्यात तर दूध फारसं कमी होणार नाही, नायट्रोजन मात्र सव्वातीनशे ते पावणेपाचशे किलोंनी उतरेल.

एक गोष्ट शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा भांडण होईल. आज चर बुजवली म्हणून विहीर उद्या शुद्ध होणार नाही. मुरमात, सांध्यांत साठलेलं नायट्रेट उतरायला पावसाळे जातात. कदाचित यंदाच्या पहिल्या पावसानंतर आकडा चढेलही. तोवर जार चालू ठेवा.

पाणी वर्षातून दोनदा तपासा, मे महिन्यात आणि ऑक्टोबरात. दोन्ही विहिरींचं एकाच दिवशी. बाटल्या शेजाऱ्याच्या हातानेच भरून घ्या, त्याच्याच मोटारसायकलवर बसून दोघं प्रयोगशाळेत जा, आणि आकडे मला कळवा.